त्रास्तेव्हेरे, रात्री साडेआठ

रोममध्ये राहून कॅथलिक माणूस एकटा पडतो, असं मला आधी कोणी सांगितलं असतं तर मी हसले असते. गल्लोगल्ली चर्च, रस्त्यावर फादर, बसमध्ये सिस्टर; तिथे एकटं कसलं पडायचं? घरच्यांनाही तेवढाच धीर होता. पोरगी परदेशी शिकायला चालली आहे खरी, पण चालली आहे ती पोपमहोदयांच्या गावात.

पहिले काही महिने मी रविवारची मिस्सा, म्हणजे चर्चमधली मुख्य उपासना, पर्यटकासारखी केली. एका रविवारी सेंट पीटर्स, दुसऱ्या रविवारी सांता मारिया माज्जोरे, कंटाळा आला की घराजवळचं चर्च. छताकडे बघत बसायचं, इटालियन प्रवचनातले ओळखीचे शब्द पकडायचे, कम्युनियन (मिस्सेतली पवित्र भाकर) घ्यायचं आणि बाहेर पडायचं. मिस्सेत एकमेकांना शांती देतात त्या वेळी शेजारच्याचा हात हातात घ्यायचा, हसायचं, आणि तो माणूस पुन्हा जन्मात दिसायचा नाही. फिलिपिनो लोकांचं सांता पुदेन्झियाना आहे, तिथे मिस्सा संपली तरी तास-तासभर कोणी हलत नाही. मल्याळी लोकांची तर सिरो-मलबार, म्हणजे केरळातल्या जुन्या परंपरेची, उपासनाच वेगळी, फादर त्यांचे, गाणी त्यांची. वर्गातल्या एका मल्याळी मैत्रिणीने मला एकदा नेलं. सगळ्यांनी प्रेमाने वागवलं, पण पाहुण्यासारखं. मराठीतून मिस्सा ऐकत वाढलेल्या माणसाला रोममध्ये हक्काने जाऊन बसावं अशी जागा नाही.

मला ती सापडली सरकारी कचेरीत. इटलीत उतरल्यापासून कामकाजाच्या ८ दिवसांच्या आत राहण्याच्या परवान्याचा अर्ज करावा लागतो. पोस्टातून फॉर्मांचं जाडजूड पाकीट आणायचं, भरायचं, १६ युरोंचा स्टॅम्प लावायचा, पोस्टातच परत द्यायचं. मग पुढे कधीतरी बोटांचे ठसे द्यायला बोलावणं येतं. ठशांच्या त्या दिवशी माझ्या शेजारी एल साल्वादोरची एक बाई बसली होती. माझ्या बोटातली रोझरीची (मारियेच्या जपाची) अंगठी तिने पाहिली आणि आपल्या पर्समधून जपमाळ काढून नुसती दाखवली. एवढीच ओळख. ती माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठी, एका म्हाताऱ्या रोमन बाईंच्या घरी राहून त्यांची देखभाल करायची. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात. मला ते तिच्या बाबतीत शेवटपर्यंत जमलं नाही. मनात मी तिला ताईच म्हणत आले, इथेही तेच लिहिते. निघताना तिने कागदाच्या कपट्यावर लिहून दिलं: सांता मारिया इन त्रास्तेव्हेरे, साडेआठ.

रोमच्या त्रास्तेव्हेरे वस्तीतला, त्या चर्चसमोरचा चौक रात्री ज्यांनी पाहिला आहे त्यांना कळेल की प्रार्थनेसाठी याहून अवघड जागा शोधून सापडायची नाही. कारंज्याच्या पायऱ्यांवर बिअरच्या बाटल्या, गिटारवाले, खाणावळींच्या दारात गिऱ्हाईक ओढणारे वेटर. त्यातून वाट काढत पोर्चमध्ये शिरायचं आणि जड दार ढकलायचं. आत समोरच बाराव्या शतकातलं मोझाइक. पोप दुसरे इनोसंट यांच्या काळातलं आहे ते. येशू आणि मारिया एकाच सिंहासनावर शेजारी शेजारी बसलेत आणि येशूने आईच्या खांद्यावर हात टाकला आहे. मी येशूची चित्रं लहानपणापासून पाहिली, पण असा निवांत, घरच्यासारखा हात टाकून बसलेला येशू पाहिला नव्हता.

बाकांवर माणसं होती ती सरळ कामावरून आलेली. कोणाच्या मांडीवर हेल्मेट, कोणाच्या पायाशी भाजीची पिशवी. मी फादरांची वाट बघत होते, पण फादर काही आले नाहीत. साठीच्या पुढच्या एका बाईंनी सुरुवात केली (शाळेत शिकवायच्या, आता निवृत्त आहेत, हे मागाहून कळलं). एक स्तोत्र गायलं, बायबलचं वाचन झालं, त्यावर कोणीतरी थोडं बोललं, मग विनंत्या. प्रत्येक विनंतीनंतर सगळ्यांनी मिळून 'किरिये एलेइसोन' (प्रभू, दया कर), संथ, थोड्या पूर्वेकडच्या वाटणाऱ्या चालीत. शेवटी प्रभूची प्रार्थना. ती मी मराठीतच पुटपुटले. सगळा कार्यक्रम जेमतेम अर्ध्या तासाचा.

घरी फोनवर सांगितलं तेव्हा आईची पहिली शंका हीच.

'फादर नाहीत? मग प्रार्थना चालवतं कोण?'

'अगं आई, आपल्यासारखीच माणसं. बाईमाणसंसुद्धा.'

'मिस्सा चुकवत नाहीस ना?'

नाही म्हटलं. रविवारची मिस्सा आपल्या जागी आहे, ही रोजची संध्याप्रार्थना वेगळी. शिवाय दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, ४ डिसेंबर १९६३ रोजी उपासनेविषयीचा जो दस्तऐवज काढला, त्यातच सर्वसाधारण लोकांनीही प्रहरांच्या (दिवसाच्या ठरलेल्या वेळांच्या) प्रार्थना म्हणाव्यात असं म्हटलं आहे, असं मी तिला ऐकवलं. तिने सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, 'जेवतेस ना वेळेवर?'

ही मंडळी म्हणजे सांत एजिदिओ हा सर्वसाधारण कॅथलिक माणसांचा समुदाय. १९६८ साली आंद्रेआ रिकार्दी नावाच्या अठरा वर्षांच्या शाळकरी मुलाने रोममध्ये मित्रांना जमवून शुभवर्तमान वाचायला सुरुवात केली. वाचून झालं की ही मुलं शहराच्या कडेच्या झोपड्यांमध्ये जायची आणि तिथल्या पोरांना शिकवायची. पुढे १९७३ मध्ये त्यांना त्रास्तेव्हेरेतलं सांत एजिदिओचं रिकामं मठघर मिळालं, त्यावरून नाव पडलं. आज सत्तरहून अधिक देशांत हे लोक आहेत. मोझांबिकमधलं यादवी युद्ध थांबवणारा करार ४ ऑक्टोबर १९९२ रोजी त्यांच्याच मध्यस्थीने रोममध्ये झाला. हे सगळं मला पुष्कळ उशिरा समजलं. तोवर मी त्यांना भांडी पुसणारी माणसं म्हणूनच ओळखत होते.

भांडी वीया दांदोलो या रस्त्यावरची. तिथे त्यांचं गरिबांसाठी जेवणघर आहे. प्रार्थनेनंतर दाराशी त्या निवृत्त शिक्षिकेने मला गाठलं आणि 'पुन्हा ये हं' असलं काही न म्हणता एकदम विचारलं, 'कोणता वार मोकळा असतो तुझा?' माझं इटालियन तेव्हा बाजारहाटापुरतं, त्यामुळे नाही म्हणायला शब्दच आठवेनात. जेवणघरात ट्रे हातात घेऊन रांग लावायची पद्धत नाही. लोक येऊन टेबलाशी बसतात आणि आपण पंगतीसारखं वाढत फिरायचं, काय हवं-नको विचारायचं. पाणी संपलंय हे त्यांनी मागायच्या आत आपल्याला दिसलं पाहिजे. हे काम मला आलं. भाषा लागत नव्हती, लक्ष लागत होतं.

मग गुरुवार आला. गुरुवारी संध्याकाळी आमचा गट सँडविच, चहाचे थर्मास आणि पांघरुणं घेऊन तेर्मिनी स्टेशनच्या वीया मार्साला बाजूला जायचा. दर आठवड्याला तोच वार, त्याच गल्ल्या, शक्यतो तीच माणसं. पहिल्यांदा मला हे फार संथ वाटलं. तासाभरात दुप्पट सँडविच वाटून झाली असती! पण इथे प्रत्येकापाशी खाली बसायचं. उभं राहून बोलायचं नाही. नाव विचारायचं आणि पुढच्या गुरुवारी ते लक्षात ठेवायचं. वाटण्याचं काम पंधरा मिनिटांचं, बाकी सगळी बसाबस.

माझ्या वाट्याला आले एक पोलिश आजोबा. कधीकाळी छापखान्यात होते म्हणायचे. चहात तीन साखरा, कमी नाही जास्त नाही. माझी क्रियापदं चुकली की बोट वर करून थांबवायचे आणि बरोबर म्हणून घेतल्याशिवाय कप हातात घ्यायचे नाहीत. एका गुरुवारी परीक्षेमुळे मी गेले नाही. पुढच्या खेपेला त्यांनी चहाच नाकारला.

'गेल्या गुरुवारी कुठे होतीस?'

'परीक्षा होती, आजोबा.' आजोबा हे मी त्यांना आमच्या भाषेत म्हणायचे, त्यांना आवडायचं.

'मग सांगायचं आधी. मी प्रार्थना केली असती.'

रोममध्ये आल्यापासून मी नव्हते हे कोणाच्या लक्षात आलं ते त्या दिवशी पहिल्यांदा. कॉलेजात हजेरी होती, घरमालकिणीला भाडं होतं, पण वाट कोणी पाहिली नव्हती. मैत्री म्हणजे आवडीनिवडी जुळणं, मनं जुळणं, हे आपण फार बोलतो. माझी आणि आजोबांची एकही आवड जुळत नाही. ते राजकारणावर जे बोलतात ते ऐकून माझं डोकं फिरतं. जुळतो तो गुरुवार, आणि मला वाटतं बरीचशी मैत्री तेवढ्यावरच उभी राहते.

मोदेस्ता व्हालेंती हे नाव मी तेर्मिनीवरच ऐकलं. स्टेशनच्या आसपास राहणारी ७१ वर्षांची बाई. ३१ जानेवारी १९८३ रोजी ती स्टेशनवर कोसळली. अंगावर उवा होत्या, अस्वच्छ होती म्हणून तिला रुग्णवाहिकेत घेतलं गेलं नाही. मदतीची वाट बघत ती तिथेच मेली. तेव्हापासून दरवर्षी जानेवारीच्या शेवटी रस्त्यावर मेलेल्यांसाठी प्रार्थना होते. रोममध्ये आज बेघर माणसाला सरकारदरबारी नोंद करायची तर पत्ता लागतो. त्यासाठी महापालिकेने जो कागदोपत्री रस्ता धरला आहे त्याचं नाव वीया मोदेस्ता व्हालेंती. तसा रस्ता शहरात कुठेही नाही, पण आजोबांच्या ओळखपत्रावर आहे.

त्या प्रार्थनेत एकेक नाव वाचतात आणि प्रत्येक नावाला एक मेणबत्ती लावतात. काही नावं पूर्ण, काही नुसतीच अर्धी, काही टोपणनावं, कारण त्यापलीकडे कोणाला काही माहीत नव्हतं. माझ्या पहिल्या वर्षी वाचणारा तरुण दोन नावांवर अडखळला. आपल्याकडची नावं होती, पंजाबातली किंवा बांगलादेशातली असावीत. त्याने प्रयत्न केला, पण त्याच्या तोंडून ती ओळखूही येईनात. प्रार्थना झाल्यावर मी त्याला ती नीट कशी म्हणायची ते सांगितलं. पुढच्या वर्षी यादी करताना त्यांनी आपण होऊन तेवढी नावं वेगळी काढली आणि माझ्याकडे दिली. त्या जुन्या चर्चमध्ये मी मोठ्याने बोललेले पहिले शब्द म्हणजे ती नावं.

यात ताई कुठे गेली असं वाटेल. ती रोज होतीच. आम्ही दोघी ८ नंबरच्या ट्रामने मोंतेव्हेर्देकडे परतायचो आणि ट्राममध्ये रोझरी म्हणायचो. समुदायाच्या प्रार्थनेत रोझरी रोज नसते आणि आम्हा दोघींना तिच्याशिवाय झोप येत नाही. ती स्पॅनिशमध्ये अर्धं नमो मरिया म्हणायची, मी मराठीत उरलेलं पुरं करायचे. समोरचे लोक बघायचे, बघोत. गुरुवारी मात्र भांडण ठरलेलं. रोझरी म्हणताना वारावारी येशू-मारियेच्या आयुष्यातले ठरावीक प्रसंग मनात आणायचे असतात, त्यांना रहस्ये म्हणतात. पोप जॉन पॉल दुसरे यांनी २००२ साली गुरुवारसाठी प्रकाशाची रहस्ये घातली, मी त्यातच वाढले. ताईच्या घरच्या म्हाताऱ्या बाईंना मात्र हा नवा उद्योग पसंत नव्हता. त्या गुरुवारी जुनी, आनंदाची रहस्यंच म्हणायच्या आणि ताईला म्हणायला लावायच्या. त्यामुळे ट्राममध्ये ताईची एक रहस्यं आणि माझी दुसरी. शेवटी एक गुरुवार तुझा, एक माझा असा तह झाला.

तिनेच मला तिबेर नदीतल्या बेटावर सान बार्तोलोमेओ चर्चमध्ये नेलं. तिथे अलीकडच्या काळातल्या हुतात्म्यांच्या वस्तू ठेवल्या आहेत. तिला दाखवायचं होतं ते तिच्या देशाचे, एल साल्वादोरचे आर्चबिशप ऑस्कर रोमेरो यांचं मिस्साचं पुस्तक. २४ मार्च १९८० रोजी मिस्सा अर्पण करत असतानाच त्यांना गोळी घातली. २०१८ मध्ये ते संत म्हणून जाहीर झाले. त्यांना मारलं तेव्हा ताई लहान होती. तिच्या आईने रेडिओ कसा झाकून ठेवला होता, शेजारी कोण नाहीसं झालं, हे ती त्या पुस्तकासमोर उभी राहून सांगत होती, हलक्या आवाजात नाही, चांगलं खणखणीत. मी पुढे सरकले तर पाकिस्तानचे अल्पसंख्याक मंत्री शाहबाझ भट्टी यांचं बायबल दिसलं. ते कॅथलिक होते, त्यांना २ मार्च २०११ रोजी इस्लामाबादेत मारलं. आपल्या सीमेपलीकडच्या माणसाचं बायबल रोममधल्या एका बेटावर बघायला मिळेल याची कल्पना नव्हती. मग मी ताईला त्यांच्याविषयी सांगितलं. माझं इटालियन तोवर तेवढं झालं होतं.

डिसेंबर म्हणजे नावांच्या चिठ्ठ्या. १९८२ साली समुदायाने सांता मारियाच्या आतच, बाक बाजूला सारून, नाताळचं जेवण घातलं. तेव्हा वीसेक पाहुणे होते. आता जगभर शेकडो ठिकाणी ते होतं. पाहुण्याला आमंत्रण जातं, टेबलावर त्याच्या नावाची चिठ्ठी असते आणि भेटवस्तूवरही नाव, म्हणजे जी ती वस्तू त्या त्या माणसासाठी निवडलेली. त्यासाठी आम्ही कित्येक संध्याकाळी याद्या घेऊन बसायचो. याचा बुटाचा नंबर ४३, हिला रेडिओ हवा पण हेडफोनचा, याला स्लीपिंग बॅग देऊ नका, गेल्या वर्षीची चोरीला गेली म्हणून तो रडला होता, त्यापेक्षा जाकीट द्या. आजोबांना वाचायचा चष्मा दिला. त्यांनी तो लगेच लावला आणि चिठ्ठीवर मी त्यांचं पोलिश आडनाव चुकीचं लिहिलं आहे हे पहिल्यांदा दाखवून दिलं. लझान्या झाली, मसूर आला. मसूर कच्चा आहे म्हणून तक्रार झाली. तिन्ही साखरा मात्र मी बरोबर घातल्या होत्या.

सगळं असं गोडच चाललं असं नाही. परदेशातल्या मैत्रीला एक वाईट खोड असते: माणसं टिकत नाहीत. बुरुंडीची एक मुलगी माझ्या खालोखाल गुरुवारी यायची, शिक्षण संपलं आणि गेली. मेसेज येतात, पण मेसेजवर कोणाला चहा देता येत नाही. तिच्यानंतर वर्षभर मी नव्या मुलींशी जरा हात राखूनच वागले. शिक्षिकाबाईंच्या ते लक्षात आलं असणार. त्या काही बोलल्या नाहीत, फक्त नव्या आलेल्या प्रत्येकीला माझ्याच गटात घालत गेल्या.

आणि ताईवर वेळ आली ती याच काळात. तिच्या घरच्या म्हाताऱ्या बाई वारल्या. घरात राहून काम करणाऱ्या बाईचं असं असतं की माणूस गेलं की त्याच दिवशी नोकरी जाते आणि छप्परही जातं. मुलं वाईट नव्हती, पण घर विकायचं होतं. त्या रात्री प्रार्थनेत विनंत्यांमध्ये आजीबाईंचं नाव घेतलं. सगळ्यांनी किरिये एलेइसोन म्हटलं. बाहेर पोर्चमध्ये शिक्षिकाबाईंनी ताईचा हात धरला आणि सांत्वनाचं एक अक्षर न बोलता विचारलं, 'आज झोपणार कुठे?' ताई माझ्या खोलीवर आली. एक पलंग, एक गादी, दोन बॅगा. काम मिळेपर्यंत ती राहिली. बँकेतून निवृत्त झालेले आमच्या गटातले एक काका, जे प्रार्थनेत नेहमी बेसूर गातात, त्यांनी तिची कागदपत्रं घेऊन तिच्याबरोबर तीन कचेऱ्या पालथ्या घातल्या. नवं काम मिळालं तेही गायनवृंदातल्या कोणाच्या तरी मावशीकडे. आमच्या खोलीत तेवढे दिवस रोझरी पुरी होत होती, गुरुवारसुद्धा. आळीपाळीचा तह तिथेही चालू होता.

माझी श्रद्धा त्याने वाढली का, हे मला मोजून सांगता येणार नाही. प्रार्थनेत मन लागतं असंही रोज होत नाही; कितीदा मी स्तोत्र गाता गाता दुसऱ्या दिवशीच्या कामाची यादी करत असते. पण आता एकटीने मन लागायची वाट बघत बसावं लागत नाही. माझं लक्ष नसेल तेव्हा शेजारचा म्हणत असतो, त्याचं नसेल तेव्हा मी.

येत्या महिन्यात मी नोकरीसाठी बेल्जियमला, अँटवर्पला चालले आहे. तिथेही समुदाय आहे, त्यांचं जेवणघरही आहे, कामियानो नावाचं. हवाई बेटांवर कुष्ठरोग्यांची सेवा करणारे बेल्जियन फादर डेमियन यांच्या तिथल्या नावावरून ठेवलेलं. शिक्षिकाबाईंनी पत्ता आणि 'कोणता वार मोकळा असतो ते आधीच ठरवून जा' असा निरोप दिला आहे. माझा गुरुवार नायजेरियाच्या एका विद्यार्थिनीकडे दिला. तिला वहीच दिली लिहून: कोणाला किती साखर, कोणाला झोपेतून उठवायचं नाही, कोणाशी अदबीने बोलायचं, कोणाच्या कुत्र्याला आधी हात लावायचा. गेल्या गुरुवारी तिला आजोबांपाशी नेलं. त्यांनी चष्मा लावला, तिला गाव विचारलं, भावंडं विचारली, कोणत्या फुटबॉल संघाची ते विचारलं, दोन-चार वाक्यं बोलायला लावली. मग माझ्याकडे वळून म्हणाले, 'हिचं इटालियन तुझ्यापेक्षा बरं आहे.'